सॉलिड सरफेसचा ओटा: कापताना आणि वापरताना

ग्रॅनाइटवर हात बसलेला मिस्त्री सॉलिड सरफेसची शीट पाहिली की आधी ग्राइंडर काढतो. त्याला तिथेच थांबवा. ड्युपाँटने १९६७ साली तयार केलेला आणि ‘कोरियन’ (Corian) नावाने बाजारात आणलेला हा प्रकार दगड नाही; साधारण एक तृतीयांश अॅक्रिलिक आणि बाकी अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड. तो सुतारकामाच्या अवजारांनीच कापायचा.

१२ मिमीच्या शीटला खालून पूर्ण आधार द्या, कापून निघणाऱ्या भागालासुद्धा. नाहीतर शेवटच्या दोन इंचांत तो स्वतःच्याच वजनाने मोडतो. सरळ काप कार्बाइड दातांच्या ब्लेडने, सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून. मास्क हवाच, पूड फार बारीक उडते.

खरी परीक्षा हॉबच्या, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीच्या, खाचेची. इथे जिगसॉ (वरखाली चालणारी विजेची करवत) नको, राउटर (फिरत्या पात्याने कोरणारं सुतारी यंत्र) वापरा. जिगसॉमुळे काठावर बारीक खाचा राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. चारही कोपरे गोल ठेवा, काटकोन चालणार नाही. मग खाचेच्या कडा वरून-खालून सँडपेपरने गुळगुळीत करा, बोट फिरवल्यावर कुठेही अडकता कामा नये. कोपऱ्यांखाली त्याच शीटचे तुकडे चिकटवा आणि काठावर अॅल्युमिनियमची टेप लावा, म्हणजे उष्णता पसरते. भिंतीशी तीनेक मिमी फट सोडून सिलिकॉन भरा. हा ओटा उन्हाळ्यात फुगतो.

रोज साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरे. हळदीचा डाग तेव्हाच पुसावा. राहिलाच तर पातळ केलेलं ब्लीच दोन मिनिटं लावून भरपूर पाण्याने धुवा. त्यात व्हिनेगर कधीही मिसळू नका. ओरखडा गेला नाही तर आधी २२०, मग ३२० नंबरचा सँडपेपर गोल फिरवा, शेवटी हिरवी घासणी. ओरखड्यापुरतंच घासलंत तर तिथे खळगा दिसेल, हातभर जागा घ्या. गडद रंगावर ओरखडे जास्त उठून दिसतात, तेव्हा रोजच्या स्वयंपाकाला फिकट ठिपक्यांचा रंग बरा.

तवा, कुकर थेट ओट्यावर नको, खाली लाकडी पाट किंवा जाळी ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर आणि नाळी साफ करायचं रसायन लांबच ठेवा.

तडा मात्र घासून जात नाही. तेवढा भाग कापून त्याच शीटचा तुकडा रंग जुळणाऱ्या अॅक्रिलिक चिकटद्रव्याने बसवावा लागतो. पुढे तीच छटा बाजारात मिळेलच असं नाही, म्हणून हॉबच्या खाचेतून निघालेला तुकडा मिस्त्रीला नेऊ देऊ नका, माळ्यावर टाकून ठेवा.