शेअर्ड गिट सर्व्हरच्या परवानग्या: या चुका टाळा

संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, लहान ऑफिसातला गिट सर्व्हर (सगळ्यांचा कोड आणि त्यातले बदल सांभाळणारं मशीन) बघायला गेलं की तक्रार एकच: "सर, पुश होईना झालंय, परमिशन डिनाइड येतंय." म्हणजे आपला बदल सर्व्हरवर चढवायला परवानगी मिळेना. त्यावरचा उपायही कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. सगळ्या फोल्डरला ७७७.

हे करू नका. ७७७ म्हणजे त्या मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही रेपोतलं (कोडच्या साठ्यातलं) काहीही खोडायची मुभा. आणि एरर परत येतोच, कारण पुढच्या पुशला बनणारे नवे फोल्डर पुश करणाऱ्याच्याच नावावर पडतात. मी आधी एक ग्रुप बनवतो, त्यात माणसं टाकतो आणि बेअर रेपो (सर्व्हरवरची, फक्त इतिहास ठेवणारी रेपो) तयार करतानाच शेअर्ड पर्याय ग्रुपवर ठेवतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण पोरांना तेवढाही दम नसतो.

वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत अशीच ७७७ वाली रेपो होती. नवीन मुलाने पेनड्राइव्हवरून जुनी कॉपी घेऊन काम केलं. पुश नाकारला गेला, तर मेसेज न वाचता त्याने फोर्स लावला, म्हणजे जबरदस्तीने पुश केला. आधीच्या माणसाचं काम मेनवरून (मुख्य शाखेवरून) गेलं. तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला, त्याचा लॅपटॉप फॉरमॅट झालेला. शेअर्ड पर्यायाने रेपो बनवली असती तर गिटनेच तो पुश अडवला असता, कारण त्यासोबत अशा जबरदस्तीच्या पुशवर बंदी आपोआप लागते. बेअर रेपोत रिफलॉग (शाखा आधी कुठे होती याची नोंद) मुळातच बंद असतो, त्यामुळे सर्व्हरवर माग काढणं अवघड. शेवटी सुट्टीवर जालन्याला गेलेल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर ताजी क्लोन (रेपोची पूर्ण कॉपी) सापडली, तिच्यातून मेन परत चढवली.

गिटहबवर (गिटच्या रेपो ठेवायच्या वेबसाइटवर) सगळ्यांना अ‍ॅडमिन करणं हाही तोच आळस. रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन, अ‍ॅडमिन अशा पाच पायऱ्या आहेत. कोड लिहिणाऱ्याला राइट पुरतं. मेनला ब्रँच प्रोटेक्शन (शाखेवर थेट बदल अडवणारे नियम) लावा.

सगळ्यांना मिळून एकच लॉगिन देऊ नका. कमिटवरचं (नोंदवलेल्या बदलावरचं) नाव कुणीही काहीही टाकू शकतो, मग पुश कुणी केला ते कळत नाही.

गिटऐवजी एसव्हीएनसर्व्ह (सबव्हर्जनचा सर्व्हर) वापरत असाल तर अनामिक वाचन बंद करा. ते मुळात चालू असतं.

माणूस सोडून गेला की त्याचं खातं काढतात, पण त्याने लावलेली डिप्लॉय की (एखाद्या सर्व्हरला रेपोत शिरायला दिलेली किल्ली) तशीच चालू राहते. मी शेवटच्या दिवशी, तो समोर बसलेला असतानाच, सगळ्या की एकेक करून विचारतो आणि काढतो.