मुलांच्या अंथरुणातील डस्ट माइट: कोणत्या ऋतूत काय करावे

पाऊस थांबून पंधरा दिवस होतात, ऊन चटके देऊ लागते, तरी मूल सकाळी उठल्याउठल्या दहा-बारा शिंका देते, तळहाताने नाक वर चोळत राहते आणि शाळेच्या रिक्षात बसेपर्यंत ठणठणीत होते, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. हवा बदलली, दुसरे काय, असे म्हणून तो सोडून दिला जातो. या वेळी हवेबरोबरच गादीकडेही पाहायला हवे.

डस्ट माइट हा साधारण पाव मिलिमीटर लांबीचा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आठ पायांचा असल्याने त्याला कीटक म्हणणेही चूक ठरेल. तो कोळी आणि गोचीड यांच्या गणगोतातला. ढेकणासारखा तो चावत नाही, आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. तो पाणी पीत नाही, हवेतील बाष्पच शरीरात शोषून घेतो, आणि ऋतूंचे सगळे गणित या एका गोष्टीत आहे. सापेक्ष आर्द्रता 70 ते 80 टक्के आणि तापमान 25 अंशांच्या आसपास असले की त्याची वाढ जोरात होते. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर तो सुकून मरतो.

त्रास मात्र मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे होतो. विष्ठेचे हे कण 10 ते 40 मायक्रॉनचे असतात, गादी झटकली की उडतात आणि साधारण अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. माइट मेला तरी त्याची विष्ठा आणि शरीराचे तुकडे कापसात तसेच राहतात, म्हणून माइटची संख्या उतरल्यावरही अ‍ॅलर्जनचे, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या या प्रथिनांचे, प्रमाण पुढे महिना-दोन महिने चढेच राहू शकते. पावसाळ्यात साठलेला हा ऐवज दसरा-दिवाळीच्या सुमारास नाकात जातो तो असा. त्यामुळे माइट मारणे आणि त्याने मागे ठेवलेली घाण काढणे ही दोन निराळी कामे आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. ऊन पहिले काम करते, दुसरे पाण्यानेच होते.

वर्षातील मोठी धुलाई पाऊस उघडल्याबरोबर करावी. घट बसण्याआधी घरातील गोधड्या आणि सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची गावाकडची रीत या दृष्टीने अगदी नेमक्या वेळेची आहे. गादी धुता येत नसल्याने ती गच्चीवर दोन्ही बाजूंनी कडक उन्हात काही तास तापवावी, उन्हातच काठीने झोडपावी आणि दिवस कलण्याआधी आत आणावी, कारण संध्याकाळच्या गारव्यात कापूस पुन्हा ओल धरतो. झोडपताना मूल जवळ नसावे. कापूस गोळे-गोळे झाला असेल तर गादी पिंजून घेऊन खोळ नवी घालावी. हिवाळ्यासाठी माळ्यावरून किंवा दिवाणातून काढलेली रजई न धुता मुलाच्या अंगावर घालू नये. चार महिने दमट जागी बंद राहिलेली ती वस्तू असते.

चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंश तापमानाच्या पाण्यात धुतले की माइट मरतात. यंत्रात पाणी तापवण्याची सोय नसेल तर उकळते पाणी आणि नळाचे पाणी समसमान मिसळावे. नळाचे पाणी 25 अंशांचे असेल तर मिश्रण साठीच्या थोडे वर जाते. त्यात कपडे पंधरा-वीस मिनिटे भिजवावेत आणि तेवढा वेळ न्हाणीघराचे दार बंद ठेवावे, कारण पोळण्याचा धोका शिंकांपेक्षा मोठा आहे. गार पाण्यानेही अ‍ॅलर्जन बऱ्याच अंशी निघून जाते, फक्त माइट वाचतात. अशा वेळी कपडे कडक उन्हात वाळवावेत.

भर पावसाळ्यात गादी वाळवणे शक्य नसते, तेव्हा निदान ओल वाढू देऊ नये. मूल उठल्याबरोबर पलंगपोस घालून अंथरूण झाकण्याची शिस्त इथे उलटी पडते. रात्रभराचा घाम सुकेपर्यंत ते पंख्याखाली उघडे राहू द्यावे. ओले कपडे मुलाच्या खोलीत वाळत घालू नयेत. कोकणात आणि मुंबईत दमटपणा जवळजवळ वर्षभर असतो, म्हणून तिथे गादी-उशीला चेन असलेली, घट्ट विणीची माइटरोधक खोळ घालणे मला सर्वांत उपयोगी वाटते. मँचेस्टर येथे 284 दमेकरी मुलांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा खोळी वापरणाऱ्या मुलांना दम्याच्या झटक्यासाठी तातडीने रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. सर्वच अभ्यासांत इतका लाभ दिसलेला नाही, हेही खरे.

विदर्भातील एप्रिल-मे माइटला मारकच, पण दारे-खिडक्या लावून रात्रभर पाण्याचा कूलर चालवला की तोच उन्हाळा खोलीपुरता दमट होतो. कूलर लावताना खिडकी थोडी उघडी ठेवावी.

कापडी खेळणी धुता येत नसतील तर पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि नंतर झटकून काढावीत. एक वर्षाखालील बाळाला उशी देऊच नये, मोहरीचीही नाही, आणि प्लॅस्टिकची सुटी पिशवी खोळ म्हणून कधीही वापरू नये. मुलाला धाप लागत असेल, रात्री खोकला येत असेल किंवा इसब चिघळत असेल तर अ‍ॅलर्जी ओळखण्यासाठी त्वचेवरील चाचणी किंवा रक्तातील आयजीईची (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडाची) तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावे. अंथरूण स्वच्छ केले म्हणून चालू असलेला इनहेलर आपल्या मनाने बंद करू नये.