दहावी गणिताच्या ट्यूशनचा तास वाया जाऊ नये म्हणून

मुलं नुसतं "सर, हे येत नाही" म्हणतात, सर पहिल्यापासून अख्खं गणित फळ्यावर सोडवतात आणि तास संपतो. त्यापेक्षा हे करा:

1. घरी गणित जमेल तिथपर्यंत सोडवायचं, जिथे अडलं तिथे पेन्सिलने रेघ मारून बाजूला लिहायचं नक्की काय अडलं, म्हणजे सूत्र आठवत नाही, का समीकरणच मांडता येत नाही (शाब्दिक गणितात बहुतेकांचं हेच असतं).
2. पानाचा फोटो आदल्या दिवशी सरांना व्हॉट्सॲप करा.
3. सरांनी तेवढीच पायरी समजवायची, पुढचं मुलानेच.
4. दोनतीन दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर परत.

फक्त रेघ मारायच्या आधी गाईड उघडू देऊ नका, उत्तर बघितलं की सगळं येतंय असंच वाटतं.