क्लब क्रिकेटमधील या चुका टाळा

इंदुरातील एका छोट्या क्लबची स्कोअर वही मी सव्वीस वर्षे सांभाळतो आहे आणि त्याआधी पंधरा वर्षे त्याच क्लबकडून खेळलो आहे. या काळात ज्यांनी क्रिकेट सोडले, त्यांपैकी फार थोड्यांनी ते गुडघ्यांमुळे सोडले. बहुतेकांनी ते एखाद्या भांडणामुळे सोडले, किंवा दर रविवारी हजर राहूनही खेळायला मिळत नाही म्हणून सोडले. कर्नल सी. के. नायडू ज्या शहरात राहिले आणि होळकर संघाचे कर्णधार म्हणून खेळले, ते हे शहर. साठी उलटल्यानंतरही ते रणजी सामना खेळले आणि १९५६-५७ च्या हंगामात, आपल्या अखेरच्या रणजी डावात, त्यांनी ५२ धावा काढल्या. त्यांची गुणवत्ता आपल्यात नाही हे मान्य. पण ज्या गावाने असा माणूस पाहिला, त्या गावात पस्तिशीतला धडधाकट माणूस रुसून किट माळ्यावर टाकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या चुकांमुळे हे घडते, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

नाणेफेकीआधीची दहा मिनिटे वाचवणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. दोन्ही कर्णधार मैदानावर उशिरा येतात, ऊन चढते आहे म्हणून सगळ्यांना घाई असते, नाणे उडवले जाते आणि पहिला चेंडू पडतो. सीमारेषा कडुनिंबापर्यंत धरायची की त्याच्या मागच्या नालीपर्यंत, पायचीत द्यायचे की नाही, वाइड कुठून मोजायचा, चेंडू हरवला तर बदली चेंडू किती जुना घ्यायचा, यातले काहीही ठरलेले नसते. वास्तविक क्रिकेटच्या नियमावलीतील दुसरा नियमच सांगतो की पंचांनी नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना भेटून खेळाची वेळ, चेंडू, सीमारेषा आणि त्या मैदानापुरत्या विशेष अटी ठरवाव्यात आणि जे ठरले ते स्कोअररांनाही कळवावे. हा नियम मोठ्या सामन्यांसाठी आहे असे समजणे चूक आहे. ज्या सामन्यात तटस्थ पंच नसतात, तिथे त्याची गरज अधिक असते.

काही वर्षांपूर्वीचा, मार्च महिन्यातला एक सामना मला विसरता येत नाही. आम्हाला शेवटच्या तीन चेंडूंत पाच धावा हव्या होत्या आणि दोन गडी शिल्लक होते. आमच्या फलंदाजाने लाँग ऑनकडे उंच फटका मारला, झेल पकडला गेला, पण तोवर दोन्ही फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले होते. दुसऱ्या टोकाचा आमचा जम बसलेला खेळाडू त्रेचाळीस धावांवर होता. ओलांडल्यामुळे स्ट्राइक, म्हणजे पुढचा चेंडू खेळण्याची पाळी, आपल्याकडे आली, असे समजून तो गार्ड घेऊ लागला. प्रतिस्पर्धी कर्णधार धावत आला आणि म्हणाला की नवा फलंदाजच चेंडू खेळेल. त्याचे म्हणणे बरोबर होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेल्या बदलानुसार स्ट्रायकर झेलबाद झाला की नवा फलंदाज त्याच टोकाला येतो आणि षटक संपलेले नसेल तर पुढचा चेंडू तोच खेळतो. दोघांनी एकमेकांना ओलांडले की नाही, याला आता महत्त्व राहिलेले नाही. मी हे टेबलावरून सांगितले, तेव्हा आमच्याच मुलांनी मला गप्प बसायला सांगितले. पंच आमच्याच फलंदाजीच्या फळीतला होता आणि त्याने आपल्या मित्राच्या बाजूने कौल दिला. चाळीस मिनिटे वाद चालला, उजेड गेला आणि कोणीतरी स्टंप उपटले. स्कोअर वहीतल्या त्या पानावर दोन्ही कर्णधारांच्या सह्यांच्या जागा आजही कोऱ्या आहेत. पुढचे दोन हंगाम तो क्लब आमच्याशी खेळला नाही. त्या संध्याकाळी आमचा वीस वर्षे खेळणारा एक अष्टपैलू खेळाडू कोणाशीही न बोलता घरी गेला आणि महिन्याभरात त्याने आपले किट भाच्याला देऊन टाकले.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. नियमांची चार छापील पाने प्लॅस्टिकच्या जाकिटात घालून ती किट बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात असतात आणि नाणेफेकीआधी मी दोन्ही कर्णधारांना तीन गोष्टी मोठ्याने वाचून दाखवतो: झेलबादनंतरची स्ट्राइक, नॉन-स्ट्रायकरचे (गोलंदाजाच्या टोकाला उभ्या फलंदाजाचे) धावबाद होणे आणि निवृत्त होणारा फलंदाज. सीमारेषा मी दोघांना सोबत घेऊन चालत दाखवतो. ‘मोबाइलवर बघून घेऊ’ हा तरुणांचा आवडता उपाय मला मान्य नाही. वाद पेटल्यावर जो तो मोबाइलवर आपल्याला सोयीचा जुना मजकूर शोधतो आणि बदललेला नियम बाजूला राहतो.

नॉन-स्ट्रायकरबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. गोलंदाजाने चेंडू सोडण्याआधी क्रीज सोडणाऱ्याला धावबाद केले की ‘आधी ताकीद द्यायला हवी होती’ असा गलका होतो. नियमात ताकिदीची अट नाही. विनू मंकड यांनी डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत बिल ब्राउन यांना असे बाद केले, तेव्हा वृत्तपत्रांत वाद माजला, पण प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी मंकड यांचीच बाजू घेतली. २०२२ मध्ये ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून धावबादच्या नियमात ठेवण्यात आली. तरीही तुमच्या दोन्ही क्लबांना एक ताकीद द्यावीशी वाटत असेल तर अवश्य द्या; फक्त ते नाणेफेकीआधी ठरवा. आणि नॉन-स्ट्रायकरने चेंडू हातातून सुटेपर्यंत बॅट क्रीजमध्ये टेकवून ठेवली, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो, कव्हर ड्राइव्ह त्यानंतर.

पंचगिरी ज्याच्या हाताला काम नाही त्याला देणे

बाद होऊन आलेल्या, रागावलेल्या फलंदाजाला पॅड काढायला सांगून लगेच पंच म्हणून उभे करू नका. मी आठव्या आणि नवव्या क्रमांकाच्या खेळाडूंना डावाच्या सुरुवातीलाच पंच नेमतो, दहा षटकांनी बदलतो आणि षटकातले चेंडू मोजायला त्यांच्या खिशात सहा खडे देतो. कंबरेच्या वरचा फुलटॉस मोजताना फलंदाज पॉपिंग क्रीजवर, म्हणजे त्याच्या समोरच्या पांढऱ्या रेषेवर, सरळ उभा आहे असे धरायचे असते, हे त्यांना आधीच सांगतो. पुढे येऊन वाकलेल्या फलंदाजाच्या कंबरेवरून नो बॉल देण्याची चूक आमच्याकडे दर सामन्यात होते. पायचीतसाठी चेंडू लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेला असेल तर बाकीचा विचार करण्याची गरज नाही, एवढे एक वाक्य पाठ असले तरी अर्धी अपिले तिथेच मिटतात.

एकच माणूस सतत थर्ड मॅनवर उभा ठेवणे

ही चूक नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही, पण क्लब हिच्यामुळे रिकामे होतात. आमच्याकडे बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ होते, वय चाळीसच्या आसपास. ते सगळ्यांच्या आधी मैदानावर येत, पांढऱ्या बुटांना आदल्या रात्री खडू लावलेला असे, पाण्याचा कॅनही तेच स्कूटरवर आणत. सहा गडी बाद झाले की ते पॅड बांधत, वरून तिसरा पट्टा दोनदा आवळून पाहत आणि दोरीलगत बसून राहत. लागोपाठ नऊ रविवार त्यांना अकरावा क्रमांक मिळाला आणि त्यांपैकी सातदा त्यांची पाळीच आली नाही. गोलंदाजी कोणी दिली नाही, क्षेत्ररक्षणाला थर्ड मॅन, म्हणजे यष्टिरक्षकाच्या मागची सीमारेषेजवळची जागा, ठरलेला. दहाव्या रविवारी ते आले नाहीत आणि नंतर कधीच आले नाहीत. त्या नऊपैकी आठ सामने आम्ही जिंकले होते. कर्णधार तरुण होता, जिंकण्याची घाई होती. आणि वहीत सगळे दिसत असूनही मी त्याला वेळेवर बोललो नाही, ही खंत मला आजही आहे.

आता स्कोअर वहीच्या मागच्या पानांवर मी एक वेगळा तक्ता ठेवतो. प्रत्येक खेळाडूने किती चेंडू खेळले आणि किती षटके टाकली, एवढेच त्यात लिहितो. ज्याला मागच्या सामन्यात फलंदाजी मिळाली नाही तो या सामन्यात पहिल्या चारांत जाईल आणि मैत्रीपूर्ण सामन्यात प्रत्येकाला किमान दोन षटके मिळतील, असा आमचा ठराव आहे. मैत्रीपूर्ण सामन्यात तीस धावांवर निवृत्त व्हायचे, हेही आम्ही पाळतो. मात्र येथे अनेकांची गफलत होते. आजार, दुखापत किंवा तितकेच अपरिहार्य कारण नसताना निवृत्त झालेल्या फलंदाजाला पुन्हा खेळायचे असेल, तर प्रतिस्पर्धी कर्णधाराची संमती लागते, आणि तो परत आला नाही तर त्याची नोंद ‘निवृत्त बाद’ अशी करायची असते. म्हणूनच ही गोष्ट नाणेफेकीआधी वाचून दाखवण्याच्या तीन गोष्टींत मी घातली आहे.

लीगच्या सामन्यात एवढी मोकळीक देता येत नाही, हे मी जाणतो. पण वर्षभर फक्त लीगच खेळणारा क्लब मला क्लब वाटत नाही, ती केवळ निवड झालेली टोळी असते.

नवी बॅट थेट सामन्यात नेणे

मुलगा शनिवारी बॅट घेतो आणि रविवारी तिच्याने नवा लेदर चेंडू खेळतो. तिसऱ्या षटकात कडेचे कवच उडते आणि दोष दुकानदाराला. विलोची बॅट मऊ असते. तिला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, हँडलच्या सांध्याला तेल लागू देऊ नये, आडवी ठेवून सुकवावी आणि मग लाकडी हातोड्याने हळूहळू, रोज थोडे थोडे, काही तास ठोकावे. कडा थेट न ठोकता गोलाकार उतरवत न्याव्यात. त्यानंतर जुन्या चेंडूवर नेटमध्ये दोन आठवडे. ‘आधीच ठोकलेली’ असे लेबल असलेल्या बॅटलाही मी हे सारे करतो. तेल जास्त पाजले तर बॅट जड आणि मंद होते, तेव्हा अधीरपणाने एका रात्रीत तीन हातही देऊ नका.

आणखी काही, थोडक्यात

यष्टिरक्षकाच्या मागे जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला की फलंदाजी करणाऱ्या संघाला ५ धावा मिळतात. वापरात नसलेले हेल्मेट मैदानाबाहेर पाठवा.

खेळात असलेला चेंडू फलंदाजाने क्षेत्ररक्षकाच्या परवानगीशिवाय उचलून त्याच्याकडे दिला आणि अपील झाले, तर तो क्षेत्ररक्षणात अडथळा म्हणून बाद ठरतो. सौजन्य असले तरी हात लावू नका.

चेंडूला थुंकी लावणे आता नियमाने बंद आहे. घाम चालतो.

नो बॉलवर गेलेल्या बाय (चेंडू कशालाही न लागता निघालेल्या धावा) आणि लेग बाय (अंगाला लागून निघालेल्या धावा) २०१७ च्या नियमावलीपासून बाय आणि लेग बाय म्हणूनच लिहायच्या असतात, गोलंदाजाच्या खात्यावर फक्त नो बॉलची एक धाव जाते. जुन्या सवयीचे स्कोअरर गोलंदाजांवर अजून अन्याय करतात.

चाळिशीनंतर लांब रनअप कमी करण्यात कमीपणा मानू नका, आणि एप्रिल-मेमध्ये साडेदहानंतर खेळू नका.

शेवटचे मॅटिंगबद्दल, म्हणजे खेळपट्टीवर अंथरायच्या चटईबद्दल. माळव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, त्यामुळे खालची जमीन सारखी न करता वर मॅट अंथरली तर गुड लेंग्थवर चेंडू कधी घोट्यावर तर कधी गळ्यावर येतो. खेळपट्टी धोकादायक आहे म्हणून भारत-श्रीलंका आंतरराष्ट्रीय सामना २५ डिसेंबर १९९७ रोजी याच शहरात नेहरू स्टेडियमवर ३ षटकांनंतर थांबवावा लागला होता. मग आपल्या रविवारच्या सामन्यात डोक्यावर हेल्मेट नसलेला पंधरा वर्षांचा मुलगा फलंदाजीला उभा करताना आपण एवढे निश्चिंत कसे राहतो, हे मला समजत नाही. आदल्या संध्याकाळी भेगा बुजवून हलके पाणी मारा आणि रोलर फिरवा. सकाळी मॅट चारही कोपऱ्यांतून चौघांनी एकाच वेळी ताणा, खुंट्या जमिनीच्या पातळीखाली जाईपर्यंत ठोका आणि अनवाणी पायाने एकदा टोकापासून टोकापर्यंत चाला. सुरकुती डोळ्याला दिसण्याआधी तळपायाला लागते. सामना संपल्यावर, विशेषतः जुलैमध्ये, ओली मॅट तशीच गुंडाळून खोलीत टाकू नका. आम्ही ती कुंपणाच्या कठड्यावर पसरून ठेवतो आणि ज्याच्या घरापासून मैदान जवळ आहे, तो सोमवारी दुपारी येऊन ती उलटी करतो.