घरी बांधलेल्या विमानाला तापणारी पिटो नळी बसवताना

आधी विजेचा हिशेब करा, पंखाच्या पत्र्याला भोक नंतर. पिटो नळी म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगमापकाला पोचवणारी नळी; तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून ती विजेने तापवतात. १२ व्होल्टची तापणारी पिटो नळी साधारण ८ ते १० अँपिअर ओढते, थंड असताना सुरुवातीला थोडं जास्तच. रोटॅक्स ९१२ या इंजिनाच्या अंगच्या जनरेटरची क्षमता २५० वॅट. म्हणजे पूर्ण फेऱ्यांवर जेमतेम १८ अँपिअर. त्यात रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र), दिवे, स्क्रीन आणि असला तर विजेवरचा इंधनपंपही भागवायचा, आणि ही एक नळी जवळपास निम्मं खाणार. उतरताना इंजिन मंद असतं, तेव्हा जनरेटर त्याहूनही कमी देतो आणि तूट बॅटरीला भरून काढावी लागते. म्हणून एकेक उपकरण चालू करून डीसी क्लॅम्प मीटरने खरा आकडा मोजा आणि वहीत लिहा. बेरीज बसत नसेल तर तापमान ओळखून आपोआप कमी वीज घेणारी नळी घ्या. तीही बसत नसेल तर हा बेत सोडलेला बरा.

मराठवाड्यातच उडणाऱ्या विमानाला याची गरज आहे का, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी १६,००० फुटांच्या वर असते, हिवाळ्यातही १२,००० च्या वर. चिकलठाणा ते लातूर किंवा नांदेड या उड्डाणात पिटोवर बर्फ धरत नाही. हिवाळ्यात उत्तर भारताकडे जाणाऱ्यांना उपयोग आहे, आणि पावसाच्या सरीत नळीत शिरलेलं पाणी लवकर सुकतं हा फायदा सगळ्यांना. पण तापणारी नळी म्हणजे ढगात शिरायचा परवाना नव्हे, हे मनात पक्कं असू द्या. आणि हा बदल करण्यापूर्वी ज्या कार्यालयाने विमानाला उड्डाणाची परवानगी दिली, त्याच्याशी बोलून घ्या.

जागा निवडताना प्रॉपेलरच्या झोताबाहेर, पंखाच्या खालच्या बाजूला, दोन रिबांच्या (पंखातल्या फासळ्यांच्या) मधला कप्पा घ्या. नळीचं तोंड पत्र्यापासून किमान १५ सेंटिमीटर खाली आणि हवेच्या दिशेला सरळ असावं. मुख्य स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईच्या) फ्लँजला, म्हणजे काठपट्टीला, भोक पाडू नका. नळी धरणारा खांब लेथवर करून घ्यायचा तर वाळूजच्या वर्कशॉपमध्ये सहज होतो, फक्त धातूचा ग्रेड लिहून द्या, 'कुठलंही ॲल्युमिनियम' चालत नाही. पत्र्याच्या आतून २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा १ मिलिमीटर जाडीचा जोडपत्रा लावा. १/८ इंची रिव्हेट असतील तर भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत १/४ इंच अंतर हवंच. प्रत्येक भोकाची धार घासून काढा. ती राहिली की तिथूनच पुढे तडा सुरू होतो.

नळीपासून निघणारे पहिले ३० सेंटिमीटर ॲल्युमिनियमच्या १/४ इंची ट्यूबचे ठेवा, त्यानंतर प्लास्टिक. सुरुवातीपासून प्लास्टिक जोडलं तर उष्णतेने ते मऊ पडतं, फिटिंगमधून सुटतं आणि वेगमापक खोटं बोलू लागतो. फ्लेअर जोडाच्या (ट्यूबचं टोक फुलवून केलेल्या जोडाच्या) आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे धातूवर धातू बसून हवा अडते, आट्यांनी नव्हे. लाइनला कुठे झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साठलं की काटा थरथरतो. एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या काठावरच्या हलत्या पट्टीचा) दांडा दोन्ही टोकांपर्यंत हलवून ट्यूब आणि वायर त्याला लागत नाहीत ना, ते हात घालून तपासा.

वायर १२ गेजची घ्या. १४ गेजने काम चालतं, पण ५ मीटर जाऊन ५ मीटर परत येताना १० अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. १२ गेजला अर्धा व्होल्ट. पंख कापडाचा किंवा फायबरचा असेल तर परतीची वायर वेगळी टाका आणि दोन्ही एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे होकायंत्र हलत नाही. ब्रेकर १५ अँपिअरचा. नळीच्या स्वतःच्या वायरी उष्णता सोसणाऱ्या असतात, त्या कापून आखूड करू नका. जोड क्रिम्पचा आणि सुटणारा ठेवा. हीटर बंद असताना पेटणारा पिवळा दिवा लावलात तर उत्तम.

आता गळती तपासणी. घाई नेमकी इथेच होते. नळीच्या पोटाला पाणी निघायचं बारीक छिद्र असतं. तपासणीपुरतं त्यावर टेप लावा, आणि संपल्यावर टेप काढून गोंद पुसा. टेप तशीच राहिली आणि तोंडही बंद झालं तर वेगमापक उंचीमापकासारखा वागतो: चढताना वेग वाढलेला दाखवतो. छिद्र उघडं राहून फक्त तोंड बुजलं तर काटा शून्याकडे जातो.

तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसर तर मुळीच नको. दीड मीटर मऊ रबरी नळी एका टोकाला बंद करून दुसरं टोक पिटोवर घट्ट चढवा आणि बंद टोकाकडून हळूहळू गुंडाळत आणा. दाब मोजायला पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' सारखी वाकवून, रंगीत पाणी भरून टी-जोडाने लावा. ६० नॉटला (एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर) पाण्याच्या दोन पातळ्यांत ६० मिलिमीटर फरक, ८० ला १०६, १०० ला १६६. म्हणजे १०० नॉटला एका बाजूला पाणी ८३ मिलिमीटर खाली जातं आणि दुसऱ्या बाजूला तितकंच वर. एकच बाजू मोजून 'मीटर बिघडलं' म्हणू नका. शेवटी १५० नॉटपर्यंत दाब चढवून नळीला चिमटा लावा. एका मिनिटात काटा १० नॉटपेक्षा जास्त उतरता कामा नये. दाब सोडतानाही हळू सोडा, झटक्याने सोडला तर वेगमापकातला पातळ पडदा दुखावतो.

हीटरची चाचणी जमिनीवर जास्तीत जास्त एक मिनिट. वाहती हवा नसल्याने नळी भराभर तापते आणि आतलं कॉइल जळू शकतं. अँपिअरच्या काट्याने उडी घेतली की वीज पोचली. खात्रीला पाण्याचा एक थेंब सोडा, चर्र आवाज येतो. हात लावू नका.

पहिल्या उड्डाणांत वेगाची चूक मोजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सूर्योदयानंतरचा पहिला तास, वारा नसताना. एकाच उंचीवर, एकाच वेगाने चारही दिशांना जा आणि जीपीएसच्या चार वेगांची सरासरी घ्या. ४,००० फुटांच्या घनता-उंचीवर (हवेच्या विरळपणावरून ठरणाऱ्या उंचीवर) वेगमापक ९० नॉट दाखवत असेल तर सरासरी साडेपंचाण्णवच्या जवळ यायला हवी. वजन-तोल नव्याने काढून लॉगबुकात नोंदवा.

आपल्याकडे पिटोचा खरा शत्रू बर्फ नाही, कुंभारीण माशी आहे. पत्र्याच्या शेडमध्ये विमान उभं असलं की पावसाळ्यात ती चिखलाचा गोळा आणून तोंड लिंपून टाकते, आणि त्याला एक दिवस पुरतो. १९९६ मध्ये पोर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअर या विमान कंपनीचं विमान पडलं, त्याच्या तपासात बुजलेल्या पिटोमागे अशाच माशीचा संशय व्यक्त झाला. हीटर यावर उपाय नाही. काळ्या मातीचा तो बोळा तापून विटेसारखा भाजतो आणि मग तारेनेही निघत नाही. म्हणून कव्हर हवंच, लाल पट्टीचं. पण उतरल्याबरोबर चढवू नका: गरम नळीवर रेक्झिन वितळून चिकटतं. स्विच बंद करा, चाकांना अडण लावा, दोर बांधा, मग ओल्या फडक्याने नळी पुसून बघा. वाफ निघाली नाही की कव्हर घाला.