मेंदूत अरॅक्नॉइड सिस्ट निघाली? या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात पारा 42-43 ला गेला की डोकं दुखतंच, मग कुणीतरी एमआरआय करतो, रिपोर्टमध्ये अरॅक्नॉइड सिस्ट येतं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पाहुण्यांत मेंदूत गाठ झालीय, कॅन्सर असेल, लगेच पुण्याला न्या असं सुरू होतं. पहिली चूक ही. हा कॅन्सर नाही ओ. मेंदूवरच्या पातळ आवरणात मेंदूभोवतीचंच पाणी साचून झालेली पिशवी असते, बहुतेकांना जन्मापासूनची, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळा दोष सिस्टवर टाकणं. डोकेदुखी मायग्रेनची असू शकते, चष्म्याच्या नंबराची, उन्हात पाणी कमी प्यायल्याची. डॉक्टरला नुसतं 'केवढी आहे' विचारू नका, 'माझा त्रास आणि सिस्टची जागा जुळते का, मेंदूवर दाब येतोय का' ते विचारा, कारण मोठी सिस्ट कधीकधी काहीच करत नाही आणि छोटी असून अडचणीच्या जागी असली तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते.

पण म्हणून दुर्लक्ष पण नको. सकाळी उठल्यावर जास्त दुखणं, उलट्या, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, तोल जाणं, फिट येणं, हातापायातली ताकद कमी होणं, आणि तान्ह्या बाळाचं डोकं भराभर वाढणं किंवा टाळू फुगणं, यातलं काही असलं तर थांबू नका, न्यूरोसर्जन गाठा.

फिट आली की आपल्याकडं अजून चप्पल, कांदा हुंगवतात, तोंडात चमचा घालतात, कृपा करून हे बंद करा. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, 5 मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन.

औषधाबद्दल तर फार गोंधळ आहे. कुठल्याही गोळीनं, काढ्यानं ही सिस्ट विरघळत नाही. शेजारच्याच्या मेंदूतली गाठ जंतांच्या गोळ्यांनी गेली म्हणून आपण पण घ्यायच्या असं करू नका, ती किड्याची गाठ, तो आजारच वेगळा. आणि फिटच्या गोळ्या फिट थांबवायला असतात, सिस्ट तेवढीच दिसते म्हणून त्या स्वतःच्या मनानं सोडू नका, फिट परत येतील.

त्रास नसेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, लागलं तर परत स्कॅन. त्रास असेल तर दुर्बिणीनं किंवा कवटी उघडून सिस्टच्या भिंतीला छिद्र पाडतात म्हणजे पाणी वाहतं होतं, नाहीतर शंटची नळी बसवून पाणी पोटात सोडतात. शंट तुंबू शकतो, इन्फेक्शन होऊ शकतं, त्यामुळं नंतर ताप, उलट्या, सारखी गुंगी दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ऑपरेशननंतरही स्कॅनमध्ये पोकळी दिसू शकते, पेशंटचा त्रास कमी झाला असेल तर ऑपरेशन फेल गेलं म्हणू नका.

डोक्याला मार लागला तर सिस्टजवळ रक्त साचू शकतं, कधी काही आठवड्यांनी लक्षात येतं. गाडीवर हेल्मेट घालाच, कबड्डी-कुस्तीचं सर्जनला विचारून ठरवा, पोराला सरसकट घरात कोंडू नका.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, जुन्या-नव्या सगळ्या फिल्म आणि सीडी न्या, सिस्ट वाढली का ते त्यावरनंच कळतं. आणि ऑपरेशन ठरलं तर पैसे उसने घ्यायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.