काळ्या रानात मेटल डिटेक्टर कसा लावायचा

मराठवाड्याची काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झाली आहे, आणि त्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहचुंबकी खनिज भरपूर असतं. पडताळून बघायचं असेल तर एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या मातीतून फिरवा. पिशवीला काळी बारीक पूड चिकटून येते. डिटेक्टरला वस्तूच्या आधी ही पूड दिसते. म्हणून भारी रानात सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवली की मशीन खोल बघायचं सोडून नुसती मातीच ऐकत बसतं. नव्या माणसाचे बहुतेक दिवस याच एका चुकीत वाया जातात.

इथे लिहिलेलं सगळं आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेसाठी आहे: शेतात पडलेली अंगठी, पडक्या वाड्यातली घरची भांडी, मातीत गाडलं गेलेलं अवजार. जुन्या वसाहतीच्या पांढरीचा हिशेब वेगळा आहे, तो शेवटी दिला आहे.

आधी वाफसा

सेटिंगला हात लावण्याआधी रान कोणत्या अवस्थेत आहे ते बघा. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात, काही ठिकाणी हात आत जाईल एवढ्या. कॉइल (मशीनच्या दांड्याच्या टोकाची तबकडी) भेगेवरून गेली की खालची माती एकदम नाहीशी होते आणि पुढे पुन्हा येते. मशीनला हा बदल वस्तूसारखा वाटतो आणि ते किणकिणतं. चिखल असेल तर ओल्या मातीतून वीज वाहते, त्याचा वेगळा गोंधळ होतो; शिवाय कॉइलला चिखल चिकटून तिची उंची बदलत राहते. पेरणीसाठी जो वाफसा आपण धरतो, तोच डिटेक्टरलाही मानवतो. भेगा मिटलेल्या असतात, ढेकळं फुटलेली असतात आणि कॉइल सारख्या उंचीवरून फिरवता येते.

उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात दागिना हरवला असेल तर मात्र वाफशाची वाट बघू नका आणि शेताला पाणी तर मुळीच देऊ नका. वस्तू भेगेत उतरलेली असू शकते. पाणी दिलं की माती फुगते, भेग मिटते आणि वस्तू खालीच अडकते. अशा वेळी बॅटरी घेऊन आधी डोळ्यांनी भेगा तपासा, मग पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) भेगेच्या तोंडाशी धरून चाला. मोठी कॉइल सगळ्यात शेवटी.

ऊस किंवा हळदीच्या सरी-वरंब्याच्या रानात कॉइल आडवी फिरवू नका. प्रत्येक वरंब्यावर कॉइल मातीजवळ येते, सरीत लांब जाते, आणि मशीन एकसारखं बोंबलत राहतं. सरीच्या लांबीने फिरवा: आधी सऱ्या, मग वरंब्याचे माथे. सोयाबीन किंवा तुरीच्या धसकटात कॉइल आपटली तरी खोटे आवाज येतात. आधी वखर फिरवून घेतलेलं बरं.

ग्राउंड बॅलन्स

ग्राउंड बॅलन्स म्हणजे मातीचा आवाज सोडून द्यायला मशीनला शिकवणं. मशीन चालू करून पाच मिनिटं सावलीत ठेवा. कारच्या डिकीतून तापलेलं काढून लगेच उन्हात नेलं तर बॅलन्स सरकत राहतो. मग असं करा:

१. फिरवून बघा आणि जिथे काहीच वाजत नाही असा हातभर मोकळा तुकडा निवडा. डिस्क्रिमिनेशन (नको असलेला धातू गाळण्याची सोय) शून्यावर ठेवा, नाहीतर मातीत लपलेला खिळा कळणार नाही आणि बॅलन्स त्या खिळ्यावर होईल.

२. ऑटो बॅलन्सचं बटण दाबून धरा. कॉइल जमिनीला समांतर ठेवून ३० सेंटीमीटरपासून ४-५ सेंटीमीटरपर्यंत खाली-वर हलवा. कॉइल जमिनीला टेकू द्यायची नाही.

३. पाच-सहा वेळा हलवल्यावर आवाज एकसारखा झाला की बटण सोडा आणि आकडा लिहून ठेवा.

फिशर एफ७५ सारख्या ० ते ९९ ची मोजपट्टी असलेल्या मशीनवर मॅग्नेटाइटच्या मातीचा आकडा साधारण ७५ च्या वर येतो. तांबड्या-पिवळ्या मातीचा ४० ते ७५ मध्ये येतो. काळ्या रानात एकदम ३०-३५ दिसला तर कॉइलखाली धातू आहे असं समजा आणि जागा बदला.

वर उचलताना आणि खाली नेताना कोणता आवाज येतो तेही ऐका. कॉइल खाली नेताना वाजलं तर मशीन मातीलाच वस्तू समजतंय. वर उचलताना वाजलं तर बॅलन्स दुसऱ्या टोकाला गेलाय. काळ्या रानात बॅलन्स काटेकोर ठेवण्यापेक्षा एक-दोन अंकांनी धन बाजूला, म्हणजे खाली नेताना अगदी हलकी गुणगुण येईल असा ठेवतात. लहान वस्तू त्याने जरा ठळक येते. एकाच बांधावर भारी रान संपून मुरूम लागतो, तिथे बॅलन्स पुन्हा करायचा. ट्रॅकिंगची, म्हणजे चालता चालता बॅलन्स आपोआप बदलण्याची, सोय असेल तर ती बदलत्या जमिनीवर चालू ठेवा. एखाद्या संशयित जागेवर पुन्हा पुन्हा कॉइल फिरवताना मात्र बंद करा, कारण ट्रॅकिंग ती वस्तूच माती समजून पुसून टाकतं.

गॅरेट एस ३०० सारख्या मशीनचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरलेला असतो, तो बदलता येत नाही. अशा मशीनवर दोनच गोष्टी हातात उरतात: सेन्सिटिव्हिटी उतरवणं आणि कॉइल दोन-तीन सेंटीमीटर उंच धरणं. भारी रानासाठी मशीन नव्याने घेणाऱ्याने हाताने बॅलन्स करता येणारंच घ्यावं.

सेन्सिटिव्हिटी, कॉइल आणि डिस्क्रिमिनेशन

सेन्सिटिव्हिटी ६० टक्क्यांपासून सुरू करा. मोकळ्या जागेवर फिरवताना बडबड होत असेल तर एकेक पायरी उतरवा. शांत झाली की तिथेच थांबा. ४० टक्क्यांवर शांत चालणारं मशीन ९० टक्क्यांवर किंचाळणाऱ्या मशीनपेक्षा खोल बघतं.

याची परीक्षा शेतातच घेता येते. पहारीने तिरपं भोक पाडा, त्यात अर्ध्या इंची प्लास्टिकची नळी घाला आणि कामटीच्या टोकाला पितळी वॉशर चिकटपट्टीने लावून आत सरकवा. वरची माती न हलवता १०, १५, २० सेंटीमीटर खोलीवर आवाज कसा येतो ते कळतं. खड्डा खणून पुरलेल्या वॉशरवर ही परीक्षा खरी उतरत नाही, कारण हललेली माती वेगळं उत्तर देते. परीक्षेला आजचं रुपयाचं नाणंही घेऊ नका. ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे, मशीन त्याला लोखंडाकडे टाकतं.

मोठी कॉइल म्हणजे जास्त खोली, हे हलक्या जमिनीत खरं आहे. भारी रानात मोठी कॉइल एका वेळी जास्त माती बघते, म्हणजे जास्त गोंधळ घेते. २८ सेंटीमीटरच्या गोल कॉइलऐवजी १५ बाय २३ ची लंबगोल डबल-डी कॉइल (आत डी आकाराची दोन वेटोळी असलेली) अनेकदा सरस ठरते.

डिस्क्रिमिनेशनबाबत आमचं मत ठाम आहे: काळ्या रानात ते जवळजवळ शून्यावर ठेवा आणि कानाने निवडा. खोलीवरच्या तांब्या-पितळेच्या टार्गेट आयडीत, म्हणजे धातू ओळखायला पडद्यावर येणाऱ्या आकड्यात, मातीचं लोह मिसळतं आणि आकडा लोखंडाकडे घसरतो. दहा-बारा सेंटीमीटरच्या खाली टार्गेट आयडीवर विसंबून राहिलात तर चांगली वस्तू मागे राहते. लोखंड कापून टाकलं की ती वाजतच नाही. एका दिशेने तुटक आणि नव्वद अंशात वळून फिरवल्यावर बरा आवाज आला, तर ती जागा उकरून बघण्याजोगी आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा: मोठा चपटा पत्रा, फाळाचा तुकडा किंवा भोक असलेलं वॉशर लोखंडी असूनही चांदीसारखा उंच आकडा देतं. अशा वेळी पिनपॉइंट केल्यावर केंद्र सरकतं किंवा आवाज दोन भागांत फुटतो. आयर्न बायसची (लोखंडाचा फसवा आवाज दाबण्याची) सोय असेल तर पत्र्याच्या जागी वाढवा, मोकळ्या रानात कमी ठेवा.

दागिना शोधताना

सोन्याचा आकडा खालच्या-मधल्या पट्ट्यात, गोळ्यांच्या पाकिटाच्या वर्खाच्या शेजारी येतो. वर्ख वगळला की सोनंही वगळलं जातं. अंगठी पूर्ण वेढ्याची असल्याने ठळक वाजते. बारीक साखळी कडी-कडीने दिसते, म्हणून ती फार क्षीण येते. मंगळसूत्र शोधताना खरं तर वाट्या शोधायच्या असतात. एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन निवडता येत असेल तर अशा कामाला १५ ते २० किलोहर्ट्झ घ्या. पितळी घागर किंवा तांब्याचं भांडं खोलवर शोधायला ५ ते ७ घ्या. मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन या मातीत जास्त स्थिर चालतं, तिथे निवडत बसू नका.

शोधण्याआधी तसाच दुसरा दागिना त्याच मातीवर ठेवून आवाज ऐका. मग मीटर-मीटरवर दोऱ्या ताणून पट्टे पाडा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी कॉइल चढेल अशी फिरवा, आणि सगळं झाल्यावर आडव्या दिशेने पुन्हा.

बरड, मुरूम आणि गोदावरीची रेती

बालाघाटाच्या बरड जमिनीत मातीपेक्षा दगड त्रास देतात. काही खडे एकटेच वाजतात. कॉइल दोन-तीन सेंटीमीटर वर उचलल्यावर खड्याचा आवाज पटकन मरतो, धातूचा बऱ्यापैकी टिकतो. शंका आली तर खडा उचलून कॉइलवरून फिरवा. खड्यावर बॅलन्स करू नका, नाहीतर बाकीची जमीन वाजायला लागेल.

गोदावरीच्या उघड्या पात्रात पांढऱ्या रेतीत काळ्या पट्ट्या दिसतात. ते जड मॅग्नेटाइट पाण्याने एका जागी गोळा केलेलं असतं. पट्टीच्या लांबीने फिरवा आणि पट्टीवर वेगळा बॅलन्स करा. अंगठीसारख्या जड वस्तूही पाणी तिथेच टाकतं, म्हणून त्या पट्ट्या चुकवू नका.

पडका वाडा आणि भट्टी

इथे खिळे, कड्या, बैलाच्या पायाच्या पत्र्या आणि चुका यांची गर्दी असते. छोटी कॉइल आणि चढवलेला रिकव्हरी स्पीड लागतो, कारण खिळ्याचा आवाज विझायच्या आत शेजारच्या पितळी घुंगराचा ऐकू यायला हवा. कॉइल सावकाश, हातभराच्याच टप्प्यात फिरवा. भाजलेल्या विटा, कौलं आणि राख स्वतःच चुंबकी झालेली असतात. लोहाराच्या भात्याजवळचा मंडूर (लोखंडाची मळी) तर हुबेहूब धातूसारखा वाजतो. पल्स इंडक्शनचं (विजेचे ठोके सोडून धातू शोधणारं) मशीन काळ्या मातीला फारसं दबत नाही, पण लोखंड वेगळं करून सांगत नाही. वाड्यात ते नेलं तर दिवसभर खिळेच निघतात.

लाइट आणि झटका मशीन

डीपी, तेहतीस केव्हीची लाइन आणि चालू मोटार यांच्याजवळ मशीन अडखळत बडबडतं. कॉइल कमरेएवढी उचलूनही बडबड थांबत नसेल तर दोष मातीचा नाही, विजेचा आहे. तशीच उचललेली ठेवून नॉइज कॅन्सल करा. दर सेकंदाला एकच टिक येत असेल तर जवळच्या कुंपणाला रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं आहे. शेतमालकाला विचारून तेवढा वेळ बंद करून घ्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शेतीपंपाची लाइट ज्या वेळी नसते, त्या वेळी काम करणं. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा.

सगळं करूनही मशीन कुरकुरत असेल तर कॉइलचं प्लास्टिकचं झाकण काढून बघा. आत काळी पूड साचलेली असते. दर दोन-तीन दिवसांनी ती धुऊन टाका.

पांढरी

गावाजवळची राखाडी-पांढरट, खापरांनी भरलेली उंच टेकाडं ही जुनी वस्ती असते. तेर, पैठण आणि भोकरदन इथल्या अशाच पांढरीतून सातवाहनांचा काळ उलगडला. शिसं आणि पोटीनची (तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रधातूची) सातवाहन नाणी कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होती, यावरून त्या थराचं वय कळतं. उपसून काढलेलं नाणं हे काहीच सांगत नाही. म्हणून पांढरीवर, किल्ल्यावर आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मशीन चालवायचं नाही. तिथलं उत्खनन पुरातत्त्व खात्याच्या परवान्याशिवाय करता येत नाही.

आपल्याच शेतात अचानक काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तारण द्यावं लागतं. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही.

निघालेल्या जागी खणणं तिथेच थांबवा. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, खोली मोजा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या आणि सोबत निघालेली खापरं तशीच राहू द्या. नाणं हातरुमालात न चोळता त्याच मातीसकट डबीत ठेवा. चिंच किंवा लिंबू लावून घासू नका. तांब्यावरचा हिरवा आणि शिशावरचा पांढरा थर निघताना त्याच्यासोबत अक्षरंही निघून जातात.